काहिलीतले बेडूक

१७ जून १९७२, शनिवार

शाळा उघडून पहिला आठवडा संपला. आठवीची निम्मी बाकं रिकामी. नाव पुकारलं की मागून ठरलेलं उत्तर, "कामावर हाय सर." कामावर म्हणजे रस्त्यावर, खडी फोडायला. तेरा-चौदा वर्षांची पोरं. हजेरी घेतानाच जीव नकोसा होतो.

बेडूक मात्र जगले! अख्खी उन्हाळ्याची सुट्टी त्यांच्यासाठी इथं काढली. आई गावी, वाशीला वाट बघत बसली, वर निरोप धाडला की लेकाला आईपेक्षा बेडकाची माया जास्त. वर्गाला जिवंत असं दाखवायला दुसरं आहे काय माझ्याकडं? बाटलीतला साप आहे, तो औषधात राहून राहून मुळ्यासारखा पांढरा झालाय. मागच्या वर्षी एकानं विचारलंच, "सर, ही कुठली भाजी?"

काहील गळत नाही अजून. नानांची आहे ती. नाना म्हणजे आमच्या संस्थेचे चेअरमन. ऊस ढोकीला कारखान्यावर जायला लागला तसं त्यांचं गुऱ्हाळ बसलं, गूळ आटवायची काहील मळ्यात गंजत पडली. मी मागितली, त्यांनी हसत दिली. शाळेमागं पत्र्याखाली ठेवलीय. निम्म्यात चिखल, निम्म्यात पाणी, वर पोतं. पाणी माझ्या वाटणीचं. अर्ध्या घागरीत अंघोळ, अर्धी काहिलीत.

नर आहे त्याला मुलांनी नाव ठेवलंय तलाठी. दिवसभर एका जागी बसून असतो म्हणून. मादी लहानी. तिच्याकडं कुणाचं लक्ष नाही.

२० जून, मंगळवार

बी रुजण्याचा प्रयोग. काल काचेच्या पेल्यांत टीपकागद लावून मटकी भिजत घातली होती. आज सकाळी पेले रिकामे. टीपकागद जागच्या जागी, मटकी गायब.

डोकंच फिरलं. कोण म्हणून ओरडलो. कुणी वर बघेना. मागच्या बाकावरून हळूच, "उंदरानं खाल्ली आसंल सर."

उंदीर खाऊन झाल्यावर पेले ओळीनं पालथे घालून ठेवत नाही. हे म्हणणारच होतो, तेवढ्यात तोंडं नीट बघितली त्यांची. फळ्यावर अंकुराची आकृती काढली आणि तास संपवला.

घरातली उरलेली मटकी पुन्हा भिजत घातलीय, या खेपेला जरा जास्त. मोड आले की आकृती काढून घ्यायची आणि वाटून टाकायची.

२४ जून, शनिवार

आज सजीवांची लक्षणं. हालचाल, वाढ, श्वास, प्रजनन, प्रतिसाद. सगळा वर्ग काहिलीभोवती. तलाठ्याचा गळा कसा खालीवर होतो ते दाखवलं. नराच्या गळ्याशी दोन पिशव्या असतात, फुगल्या की आवाज मोठा होतो, मादीला बोलावतो. हवा दमट झाली, पाऊस जवळ आला की ओरडतो. हे सगळं सांगितलं. मुलं खूश. कितीतरी दिवसांनी वर्ग वर्गासारखा वाटला.

शकुंतला, नानांची नात, पहिल्या बाकावरची. तिनं विचारलं, "सर, मग आपला तलाठी का वरडंना?"

म्हटलं, हवा कोरडी आहे म्हणून. पाऊस लांब आहे.

दुसऱ्या एकीनं विचारलं, "जमीन सजीव आसती का सर? आमचा आबा म्हनतो मेली." या प्रश्नावर अर्धा तास गेला. उत्तर देता आलं नाही नीट.

३० जून, शुक्रवार

मृग कोरडा गेला, आर्द्राही कोरडीच चाललीय. आभाळ धुतल्यासारखं निळं. नुसता वारा.

आज एक अजब ऐकलं. आधी हसलो, आता हसू येत नाही. माझा शनिवारचा धडा मुलांनी घरी नेला. बेडूक ओरडला की पाऊस जवळ, हे मी सांगितलेलं. ते घरोघर फिरून उलटं होऊन आलं. बेडूक ओरडत नाही म्हणून पाऊस नाही! शकुंतलाच सांगत होती, आजोबांच्या ओट्यावर काय बोलणं झालं ते:

"तान लागली तर बेडूक वरडंल. सरांनी त्याला उन्हाळाभर पान्यात ठिवला. त्याला तानच न्हाय, मग त्यो वरडंल कशाला? आन त्यो वरडंना म्हून वर आयकू जाईना."

एवढं सरळ बोलून पोरगी वाट बघत उभी राहिली. मी काय चूक ते सांगावं म्हणून. सांगितलं. कारण कुठलं आणि परिणाम कुठला, फळ्यावर बाण काढून सांगितलं. तिला पटलं. ओट्यावरच्यांना कोण फळा नेऊन दाखवणार!

दुसरंही बोलतात. माणसाला प्यायला पाणी नाही आणि मास्तर बेडकाला अंघोळ घालतो. हे मात्र टोचलं. माझ्या वाटणीचं असलं तरी पाणी ते पाणीच.

४ जुलै, मंगळवार

उस्मानाबादहून बेडकाचा रंगीत तक्ता आला. हेडसरांनी स्वतः भिंतीवर लावला. तक्त्यातला बेडूक पोपटासारखा हिरवागार, डोळे लाल. मुलं म्हणाली, हा आपल्याकडचा नाही.

हेडसर मला बाजूला घेऊन म्हणाले, "आता तक्ता आला आहे. मग ते खरे बेडूक ठेवायचं कारण उरत नाही, नाही का?"

"सर, तक्ता श्वास घेत नाही."

"तुमची कायमची ऑर्डर व्हायची आहे अजून. एवढंच सांगतो."

भले माणूस आहेत. घाबरट आहेत. त्यांच्यावर रागावता येत नाही, त्याचाच राग येतो.

८ जुलै, शनिवार

नाना स्वतः आले. शाळा सुटायच्या वेळी. हेडसर खुर्ची पुसायला धावले. नाना बसले नाहीत, थेट मागं पत्र्याखाली आले आणि पोतं उचलून काहिलीत बघत उभे राहिले.

"धोंडी काढायची म्हनतंय गाव. गावात बेडूक घावंना. वढ्यात खनून बघितलं, हिरीत बघितलं. न्हाय. ह्ये दोनच हायत."

मी म्हटलं, नाना, बेडूक पाटाला बांधून गावभर फिरवला की मरतो. पाऊस त्यानं येत नाही. आणि मुलांना शिकवायला माझ्याकडं हे दोनच आहेत. पाऊस पडला की हे अंडी घालतील, अंड्यातून बेडूकमासे, सगळं डोळ्यांसमोर दिसेल. आयुष्यभर विसरणार नाहीत मुलं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मास्तर, मलाबी ठावं हाय, बेडकानं पाऊस पडत न्हाय. पर गावाला कायतरी केल्यागत वाटाया पायजे. मानसं बसल्या जागी सुकून चालली."

हे खरं होतं. नाही म्हटलं, पण आवाज बारीक निघाला.

जाताना काहिलीच्या काठाला पायानं हलकं ढोसलं. "काहील आमची हाय बरं का." हसून म्हणाले.

९ जुलै, रविवार

दिवसभर खोलीत. डोक्यातून जाईना.

धोंडी काय असतं ते मला सांगायला नको. आमच्या गावात मीच होतो. धर्मांतराच्या आधीची गोष्ट, आठ-नऊ वर्षांचा असेन. हे काम आमच्याच आळीचं, दुसरं कुणी करत नसे. अंगाला लिंबाचा पाला गुंडाळला, डोक्यावर पाट, पाटावर बेडूक सुतळीनं आवळलेला. दारोदार जायचं आणि प्रत्येक दारात वरून घागर ओतायची. गाव नाचायचं. मी कुडकुडायचो. बेडूक पाटावर पाय आपटायचा, ते माझ्या कवटीत वाजायचं. दुसऱ्या आळीपर्यंत वाजलं. मग थांबलं. मला वाटलं तो झोपला.

छप्पन साली वडील म्हणाले, आता आपल्यातलं कुणी जाणार नाही. आणि कुणी गेलं नाही.

इथं हे कुणालाच ठाऊक नाही. सांगायचं कारणही नाही.

११ जुलै, मंगळवार

पाणी बंद.

गावाच्या विहिरी केव्हाच आटल्या. नानांच्या मळ्यातली एकच चालू. सकाळी आधी गाव भरतं, मग आम्ही भीमनगरची माणसं. नानांचा गडी उंचावरून आमच्या घागरीत ओततो, तेही सहन करतो. आज गड्यानं सांगितलं, मोटार बिघडली. गावाचं भरून झाल्यावर बिघडली! आमची वेळ आली आणि बिघडली.

रिकाम्या घागरी घेऊन बाया परत आल्या. माझ्याकडंही कुणी बघितलं नाही आणि तेच फार लागलं. खोली माझी भीमनगरात जिजामावशींच्या घरी. गावात कोण देणार होतं मला? गेल्या वर्षी विचारत फिरलो तेव्हा "खोली रिकामी न्हाय" हे वाक्य प्रत्येक ओट्यावर एकाच चालीत ऐकलं. मावशींनी काही न विचारता सामान आत घेतलं होतं.

संध्याकाळी मावशी दाराशी येऊन बसल्या.

"सर, एक बोलू का?"

"बोला की मावशी."

"देऊन टाका त्ये बेडूक."

मी म्हटलं, मावशी, तुम्हीसुद्धा?

"बेडूकच मागत्यात ना? लेकरू तर न्हाय मागत? मग देऊन टाका." आणि उठून गेल्या. एवढ्या पटकन उठल्या की काहीतरी पोटात ठेवून गेल्यासारखं वाटलं.

१३ जुलै, गुरुवार

पहाटे सगळ्यांबरोबर मीही नदीवर. वाळूत झिरा खणायचा, वाटीनं पाणी उपसायचं, घागर भरेपर्यंत ऊन डोक्यावर येतं. एक बाई पोटुशी आहे. मावशींनी तिची घागर स्वतःच्या डोक्यावर चढवली, दोन घागरींची उतरंड. मी एक मागितली तर म्हणाल्या, "तुमी शाळंत जावा, पोरं वाट बघत आसतील."

काहिलीत आज पाणी घातलं नाही. हात धजला नाही. चिखल कडेनं फाटायला लागलाय. तलाठी उरलेल्या ओलीत पोट टेकून बसलाय. लहानी दिसत नाही, खाली रुतून बसली असेल. मुलं नाकतोडे शोधून आणायची, आता नाकतोडेही मिळत नाहीत.

शिकवताना लक्ष नव्हतं. एका बाईच्या डोक्यावरचं पाणी आणि एक बेडूक, यात काय मोठं हे मला कळत नाही का? कळतं. पण मग मीच त्यांच्या हातात सुतळी देऊ?

१५ जुलै, शनिवार

गेलो नानांकडे. मनाशी तोड काढून गेलो होतो. स्वतःला फार शहाणा समजून.

ओट्यावर आठदहा माणसं. मला बसायला पोतं टाकलं, वेगळं. बसलो नाही. म्हटलं, नाना, तलाठ्याला देतो. माझ्या तीन अटी. बांधायचा नाही, भांड्यात ओल्या चिखलात ठेवायचा. फेरी झाली की जिवंत परत. आणि भीमनगरचं पाणी उद्यापासून सुरू.

नानांनी लगेच मान हलवली. एवढ्या लवकर की मीच चपापलो.

"मंजूर. समदं मंजूर. आता डोक्यावर कोन घ्यायचं तेवढं ठरवा."

एकानं खाली बघत तंबाखू मळली. नाना म्हणाले, "गावातलं कोन घेनार? ती रीत न्हाय. तुमच्या वस्तीतलं लेकरू मागावं तर तुमाला आवडायचं न्हाय. मग मास्तर, तुमीच घ्या. तुमाला सांबाळायची म्हाईतीबी हाय. मरनार न्हाय तुमच्या हातनं."

चेष्टेनं बोलले नाहीत. तेच वाईट. अगदी सोय बघून बोलले, जसं बैल कुठला जुंपायचा ते बघतात. बाकीचे सुटल्यासारखे हसले. चला, प्रश्न मिटला!

मी बी.एस्सी. माझ्या हाताखाली यांची पोरं शिकतात. यांची नात माझ्या पहिल्या बाकावर बसते. आणि माझं डोकं अजून पाट ठेवायच्याच जागी.

"उद्या सांगतो," म्हणालो आणि निघालो. तिथल्या तिथं नाही का म्हटलं नाही? पाण्याचं आठवलं म्हणून.  

१६ जुलै, रविवार

भीमनगरात सगळे लिंबाखाली जमले. मीच बोलावलं. जसं झालं तसं सांगितलं. आणि मग, सांगायचं नव्हतं तेही सांगितलं. लहानपणी मीच धोंडी होतो. पाट, पाला, डोक्यावरचे बेडकाचे पाय. बोलून झाल्यावर म्हटलं, तरीही तुम्ही म्हणाल तर जातो. एका दिवसाचा प्रश्न आहे, पाणी तर सुटेल.

तरणी पोरं उसळली. कुणीही जायचं नाही म्हणाली. एक म्हातारा म्हणाला, बोलाया सोपं हाय, झिऱ्यावर तुमच्या आया जात्यात. यावर भांडण. मी मध्ये उभा.

जिजामावशी बोलल्या तेव्हा गप्प झाले सगळे. उभ्या राहिल्या नाहीत, आवाज चढवला नाही.

"माजा थोरला किसन. त्यो जाऊन आला हुता, तुमच्यावानीच. येका दिसात समद्या गावाचं पानी आंगावर. सांजच्याला फनफनला. कोन म्हनलं काडा द्या, कोन म्हनलं उतारा टाका. उठलाच न्हाय त्यो. आन त्या साली पाऊस आला बरं का! लई आला. समदं गाव नाचत हुतं. म्या आत बसून आयकत हुते."

वारा तेवढा वाजत होता.

"म्हून म्या म्हनलं, बेडूक द्या. बेडकावर भागतंय तर भागूद्या, पुन्ना लेकरू मागाया कुनी दारात याया नको. आता बेडकावर भागंना. तुमी कुनाचं तरी लेकरूच हायसा. तुमी जायचं न्हाय सर. आमी झिऱ्यावर जाऊ. पान्याचं आमी बघतो."

पोटुशी बाई तिथंच बसली होती. तिनंही मान हलवली. मला तिच्याकडं बघवलं नाही.

मी रडलो. सगळ्यांसमोर. लाज वाटली नाही.

१७ जुलै, सोमवार

शाळेआधी नानांकडे. ओटा रिकामा होता, एकटेच चहा पीत बसलेले. बरं झालं.

"नाना, मी डोक्यावर घेणार नाही. भीमनगरातलं कुणीही घेणार नाही. आणि डोक्यावर घ्यायला तुमच्यातलं कुणी नसेल, तर बेडूकही मिळणार नाही."

इतकं सरळ कुणी बोललं नसेल त्यांच्याशी. बशी खाली ठेवली.

"पान्याचं काय करनार?"

"झिरा आहे."

"झिरा किती दीस पुरनार मास्तर?" यात धमकी नव्हती. खरंच विचारत होते. नदीचं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

मी निघायला वळलो. मग त्यांचाही सूर बदलला. "बुधवारी येतो गाव घिऊन. काहील आमची हाय. आमची काहील आमी न्हेनार. तिच्यात काय आसंल नसंल ते तुमी बघा."

हेडसरांना सांगितलं. ते खिडकीतून बाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "बुधवारी मला उस्मानाबादला मीटिंग आहे." आहे की नाही देव जाणे.

१८ जुलै, मंगळवार

दोघांना उचलून नदीवर सोडून द्यावं असं फार वाटलं. पण तिथं वाळू आहे, कावळे आहेत. दुपारपर्यंत टिकले नसते. माठात घालून खोलीत लपवावं, हेही मनात आलं. मग वाटलं, शाळेची वस्तू शिक्षकानं का लपवायची? ते माझे नाहीत. वर्गाचे आहेत.

आठवीला सगळं सांगून टाकलं, जेवढं त्यांना सांगण्यासारखं होतं तेवढं. शकुंतला मान खाली घालून बसली. सुट्टीत येऊन म्हणाली, "सर, म्या घरी लई भांडले. आज्यानं मला चापट मारली." गालावर वळ होता. आता हिचं काय करायचं? म्हटलं, बाई, तू भांडू नकोस, तू नुसती शाळेत येत जा.

सकाळच्या माझ्या पाण्यातलं तांब्याभर काहिलीत ओतलं. मावशींनी पाहिलं. त्यांच्या कळशीतलं वाटीभर माझ्या तांब्यात वाढलं.

१९ जुलै, बुधवार

रात्र झालीय. तरी आजचं आजच लिहितो.

दुपारच्या सुट्टीनंतर हलगी ऐकू आली. वेशीकडून आधी, मग बाजाराच्या बाजूनं, मग अगदी शाळेच्या फाटकाशी. मुलांना म्हटलं वर्गात बसा. एकही बसलं नाही. सगळी काहिलीभोवती कोंडाळं करून उभी राहिली. मी सांगितलं नव्हतं. निम्म्या वर्गानं शाळेमागची पडवी भरून गेली.

नाना पुढं, मागं सगळं गाव. चौघांच्या खांद्यावर मेढी, काहील उचलायला. पाट होता, सुतळी होती, लिंबाचा पाला होता. अंगाला पाला बांधलेलं मात्र कुणी नव्हतं. पलीकडं कुंपणाशी भीमनगरच्या बाया, झिऱ्यावरून परतलेल्या, डोक्यावर घागरी तशाच.

मी काहिलीच्या पुढं उभा. नाना म्हणाले, "मास्तर, बाजूला व्हा." मी हललो नाही. ते म्हणाले, "पोरांना बाजूला घ्या, लागंल कुनाला." मुलंही हलली नाहीत. शकुंतला आजोबांसमोर उभी होती, रडत होती, पण उभी होती.

हलगीवाल्याला थांब म्हणायचं कुणाच्या ध्यानात नव्हतं. तो आपला वाजवत होता, पत्र्याखाली, अगदी जवळून. पत्रा थडथडत होता.

आणि तलाठी ओरडला.

एकदा. मग पुन्हा. मग लागूनच. गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे. जूनपासून तोंड न उघडलेला प्राणी!

हलगी थांबली. तोही थांबला.

गाव आधी काहिलीकडं बघत होतं, मग सगळ्यांच्या माना वर गेल्या. नानांची, मेढीवाल्यांची, कुंपणापलीकडच्या बायांची, घागरी सावरत. खोटं कशाला लिहू, माझीही गेली. आभाळ सकाळी होतं तसंच होतं.

नानांनी विचारलं, "का वरडला मास्तर? येतोय का पाऊस?"

कधी नव्हे ते विनवल्यासारखा आवाज. हो म्हटलं असतं तर गाव त्या क्षणी परत गेलं असतं. काहील वाचली असती, पाणी सुटलं असतं. सगळा वर्ग माझ्या तोंडाकडं बघत होता. माझाच धडा, माझीच मुलं.

"पावसाचं सांगता येत नाही नाना. हलगीच्या दणक्यानं ओरडला. मोठा आवाज झाला की ओरडतात कधी कधी."

पाट धरलेल्या माणसानं विचारलं, "नाना, उचलायची का?" त्यांनी त्याच्याकडं बघितलंही नाही. हलगीवाल्याला म्हणाले, "मग थांबलास कशाला? वाजव. त्यो वरडू दे."

तो वाजवू लागला. तलाठी ओरडू लागला. गाव खाली बसलं, मातीत, शाळेच्या आवारात, मिळेल तिथं. भीमनगरच्या बायांनी घागरी उतरवल्या आणि कुंपणापलीकडं टेकल्या. कुणी नाचलं नाही, कुणाच्या अंगावर पाणी ओतलं नाही. ऊन उतरेपर्यंत तेवढंच चाललं, हलगी आणि बेडूक. मी इतकं समजावून सांगितलं होतं आणि त्याचं काय झालं बघा! पण बेडूक पाटावर नव्हता, आणि पाट कुणाच्या डोक्यावर नव्हता.

जाताना नाना म्हणाले, "काहील ऱ्हाऊ द्या शनवारपत्तुर. न्हाय आला पाऊस, तर बोलू." मोटारीचं काही बोलले नाहीत. मावशींनी कुंपणावरून विचारलं, "नाना, सकाळच्याला घागरी आनायच्या का?" त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही. थांबले मात्र एकदा, पाठमोरेच. मग चालू लागले.

मावशी म्हणतात, सकाळी आधी मळ्याकडं जाऊन बघायचं, नाही तर तिथूनच नदीवर. मी बरोबर जाणार आहे.

हे लिहितालिहिता दोनदा उठून दाराबाहेर जाऊन आलो. आभाळ बघायला. आणि म्हणे मी विज्ञान शिकवतो.